डावीकडची सीट

१

"हिला बसवायला लागल्यापासून काटा अर्ध्याच्या खाली आलेला नाही. आणि मला दुपारी झोप लागते हो! किती वर्षांनी!"

"हळू बोल," सासरे म्हणाले. "पायगुण चांगला म्हणायचा. टिकला म्हणजे झालं."

नवी सून दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आपलं कौतुक चाललंय हे तिला कळलं; ते हळू आवाजात का करायचं हे मात्र कळेना. तिने ट्रेवरचे कप मुद्दाम वाजवले आणि मग आत गेली. तोवर आत पडदे धुवायला टाकावेत की नाहीत यावर चर्चा सुरू झालेली होती.

"आलीस? ठेव हो," सासूबाई म्हणाल्या. "किती गं करतेस!"

तिने कप ठेवले. लग्नाला थोडेच महिने झाले होते. या घरात ती कमी बोलायची आणि जास्त बघायची. नव्या सुनेला एवढी सवलत असते.

घर म्हणजे वर राहायच्या खोल्या आणि खाली ड्रायव्हिंग स्कूल. स्कूल म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता, आणि दारात एक पांढरी जुनी गाडी. टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी. अशा गाडीत शिकणारा उजवीकडे, स्टिअरिंगवर बसतो आणि शिकवणारा डावीकडे. डावीकडच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच असतो, म्हणजे शिकणाऱ्याने घोळ घातला तर शिकवणाऱ्याला देवाचा धावा करत बसावं लागत नाही. त्या डाव्या सीटवर आधी सासरे बसायचे. त्यांचं अंग थकलं तेव्हा सासूबाई बसायला लागल्या. आता सून बसत होती.

लग्न ठरवताना तिला स्वयंपाकाचं कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी एकच प्रश्न केला होता, "गाडी येते ना?" घरी गेल्यावर तिची आई कितीतरी वेळ म्हणत होती, काय पुढारलेली माणसं आहेत!

२

रोज सकाळी ती गाडीवरचं कव्हर काढायची, काचा पुसायची, उजव्या दारातून वाकून चावी फिरवायची. समोरच्या पट्टीवर दिवे लागायचे आणि पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला दिसायचा. मग ती वळसा घालून डावीकडे जाऊन बसायची. शिकायला आलेली बाई उजवीकडे बसून सीट पुढेमागे करी, आरसे फिरवी, पदर आवरी. तेवढ्यात काटा वर सरकायचा. सावकाश, कुणी बळेच उठवल्यासारखा. पाऊण टाकीवर येऊन थांबायचा.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिने मनाशी उत्तर तयार केलं. गाडी उतारावर उभी असते. पेट्रोल एका बाजूला जात असेल. शिवाय काटा वाचायचा तर डोळा नेमका समोर हवा, बाजूने बघितलं की वाचन चुकतं, हे ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकली होती. आपण एकदा उजवीकडून वाकून बघतो, एकदा डावीकडून बसून. ती शास्त्राची पदवीधर होती आणि पदवीचा हा पहिलाच उपयोग होत होता, म्हणून तिला जरा बरंही वाटलं.

मग एकदा शिकायला येणारी एक बाई आली नाही. मोकळा वेळ मिळाला म्हणून तिने गाडी उतारावरून घरंगळत खाली सपाट जागेवर, गल्लीच्या टोकाच्या शाळेच्या भिंतीलगत नेली आणि डोळा अगदी समोर धरून बघितलं. काटा तळाला. ती उठून डावीकडे गेली, बसली, मान वाकडी करकरून पुन्हा डोळा समोर आणला. काटा चढत होता.

मीटर बिघडलाय, ती मनाशी म्हणाली. जुनी गाडी. यात काय एवढं?

संध्याकाळी तिने सहज विचारलं, "बाबा, गाडीत पेट्रोल कोण भरतं?"

सासरे टीव्ही बघत जांभई देत होते. दिवसभर त्यांचं तेच चालायचं. "पेट्रोल? तो भरतो की. तुझा नवरा."

नवरा दाढी करत होता. "मी? मला कुठे वेळ? आई बघते ते सगळं."

सासूबाई कपडे घडी करत होत्या. "अगं, ते पुरुषांचं काम. हे बघतात." आणि मग हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाल्या, "आमची गाडी पितेच कमी. तू नको त्याची काळजी करूस."

तिने मान हलवली. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल भरणारं माणूस या घरात कुणीच नव्हतं, आणि ते कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

३

मधल्या काळात ती थकायला लागली होती.

कामाने थकवा येतो तसा हा नव्हता. कामाचा थकवा झोपलं की जातो. ती रात्री अंथरुणावर पडायची, डोळे मिटायची, उघडायची तर सकाळ झालेली असायची. पण मधे झोप झाली असं वाटायचंच नाही. जणू ताट समोर आलं, उचललं गेलं आणि पोट रिकामंच. सकाळी ती गादीच्या कडेला बसून पायांकडे बघत राहायची. हे पाय आपले, आता ते खाली टेकवायचे, एवढं ठरवायलाही वेळ लागायचा.

"तू हल्ली फू करत नाहीस," नवरा म्हणाला.

"काय?"

"झोपेत. लग्न झालं तेव्हा करायचीस. श्वास घ्यायचीस आणि सोडताना, फू! मेणबत्ती विझवल्यासारखं. मला आधी हसू यायचं."

"आणि आता?"

"आता काहीच नाही. अगदी शांत." तो हसत नव्हता. बूट पायात ओढत म्हणाला, "तू काट्याकडे बघत जाऊ नकोस. रस्त्याकडे बघ."

"काट्याचं मी तुला कधी बोलले?"

तो बुटाची नाडी बांधत राहिला. सुटलेली नव्हती तीही पुन्हा बांधली. कॉलेजच्या सुट्ट्यांत तोही काही दिवस डाव्या सीटवर बसला होता, हे तिला माहीत होतं. नंतर त्याने मिळेल ती नोकरी धरली, तीही घरातून लवकर निघावं लागेल अशी.

घर शांत होतं हे मात्र खरं. तिच्या माहेरी दुपारी कोण कुठे झोपलंय हे नुसतं ऐकून सांगता यायचं. इथे ना सासरे घोरायचे ना नवरा. अपवाद चिमीचा. चिमी म्हणजे धाकटी नणंद, शेवटच्या वर्षाला असलेली. ती झोपली की सोफ्यावर, जमिनीवर, पुस्तकावर, कुठेही, तोंड उघडं टाकून, हातपाय चौफेर फेकून. ढोल वाजवले तरी उठायची नाही.

"हिची झोप बघा," सासूबाई म्हणायच्या. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायच्या. मग जरा वेळ तशाच उभ्या राहून बघायच्या. त्या बघण्यात मायाच होती. तरी सुनेला वाटायचं, त्यांनी आता तिथून निघावं.

काटा आता पाऊण टाकीवर येत नव्हता. अर्ध्यावर थांबायचा. मग अर्ध्याच्याही जरा खाली.

४

शिकायला येणाऱ्यांत एक नर्सबाई होत्या. गोल चेहऱ्याच्या, बडबड्या, गिअर बदलताना जीभ बाहेर काढणाऱ्या. त्या गाडी उलटी घ्यायला फार घाबरायच्या.

"मॅडम, मागे बघू की पुढे बघू? देवाने डोळे पुढेच दिलेत, त्याला मी काय करू!"

"या इकडे," सुनेने सांगितलं. "डावीकडे बसा. मी करून दाखवते."

गाडी मोकळ्या मैदानात सपाट उभी होती. इंजिन चालू. दोघी एकाच वेळी उतरल्या. सून गाडीच्या पुढून वळसा घालून उजव्या दाराशी आली, आत वाकली. काटा तळाला होता. तळाला टेकून थरथरत होता आणि इंजिनाचा आवाजही बारीक झाला होता, बंद पडायच्या आधी होतो तसा.

नर्सबाई डावीकडे धप्पकन बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

काटा उठला. अर्ध्यावर गेला, पाऊण झाला, तिथेही थांबला नाही. पार वर जाऊन टेकला. इंजिन कसं गुबगुबीत आवाज करायला लागलं.

"अय्या," नर्सबाई म्हणाल्या, "किती छान बसतं हो अंग या सीटमध्ये!"

सुनेने गाडी मागे घेतली. एक वळण, दुसरं वळण. "असं आरशात बघायचं. मग हळूच..." उत्तर आलं नाही म्हणून तिने वळून पाहिलं. नर्सबाई जांभई देत होत्या. लांबलचक, डोळ्यांतून पाणी काढणारी. एक संपते तोच दुसरी.

"रात्रपाळी होती का?"

"छे हो. सुट्टी होती. मस्त झोपून आले होते." त्यांनी डोळे चोळले. त्यांचा गोल चेहरा एकदम उतरलेला दिसला. "काय झालं कोण जाणे. उतरू का मी जरा?"

"उतरा," सून म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला मोठा वाटला. "लगेच उतरा."

५

सासू-सासरे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते त्या दुपारी तिने गाड्यांच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. सगळी गल्ली त्याला ‘अर्थिंग’ म्हणायची. दिवा लागेना, हॉर्न वाजेना, गाडी ढिम्म हलेना, काहीही असो, त्याचं निदान ठरलेलं.

"अर्थिंग असणार, वहिनी," तो गाडी न बघताच म्हणाला. "काकूंनी मला हिच्या मीटरला कधी हात लावू दिला नाही, नाहीतर तेव्हाच केलं असतं."

त्याने मागची सीट उचलून बाजूला ठेवली. खाली पत्र्याला एक गोल झाकण होतं. "ही टाकी. आत एक पोकळ गोळा तरंगतो. पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली, गोळा खाली की काटा खाली. वायर नुसता निरोप पोचवते. तुम्ही पुढे बसा, चावी फिरवा आणि काटा काय म्हणतो ते सांगत राहा."

ती सवयीने डावीकडेच बसली. हात लांबवून चावी फिरवली. "पाव टाकी."

"आता वायर काढली बघा. पडला ना खाली?"

"नाही. पावच."

"अर्थिंग!" तो आनंदाने म्हणाला. मग पाना फिरवल्याचा, पत्रा खरडल्याचा आवाज आला. "आता?"

"पाव."

मागे काहीच आवाज नव्हता. तिने मान वळवली. अर्थिंगने गोळा त्याच्या दांडीसकट बाहेर काढून हातात धरलेला होता. निरोप पाठवणारा त्याच्या मुठीत होता आणि समोर निरोप पोचतच होता.

"वहिनी, जरा उतरा बरं."

ती उतरली. खिडकीतून दोघांनीही पाहिलं. काटा हळूहळू निजला.

"बसा."

ती बसली. काटा उठला, पण मघापेक्षा जरा कमी उंचीवर थांबला.

"तुम्ही बसून बघता का?" तिने विचारलं.

"मी? नको." त्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "माझी कंबर दुखते."

मग त्याने टॉर्च काढला आणि झाकणाच्या भोकातून टाकीत पाहिलं. वाकलेला तो तसाच राहिला.

"पेट्रोल किती आहे?"

"पेट्रोल नाही. कोरडी आहे. कधी ओली झाली असेल असंही दिसत नाही." तो झाकण शोधायला लागला, ते त्याच्या गुडघ्यापाशीच होतं. "बंद करतो मी. मीटर नवा घालून टाका. सगळं ठीक होईल."

"थांबा."

ती मागच्या दारातून आत शिरली, गुडघे टेकले आणि त्या भोकावर वाकली. पेट्रोलचा वास नव्हता. उबदार हवा चेहऱ्याला लागली, बंद खोलीत दुपारी माणसं निजलेली असावीत आणि आपण दार उघडावं तशी. तिला सगळ्यात आधी काय वाटलं असेल तर हेवा.

मग ऐकू आलं.

कुणीतरी श्वास घेत होतं. एक नव्हे, बरेच. एक श्वास जड, पुरुषाचा, तळाशी घरघर असलेला. एक बाईचा, शेवटी बारीक शिट्टी. एक तरुण, अधूनमधून अडखळणारा, थोडासाच. एक अगदी नवा, भरलेला, नर्सबाईंच्या चेहऱ्यासारखा गोल. सगळे गाढ, निवांत, कसली घाई नसलेले. तिने टॉर्च घेतला नाही. बघायचं नव्हतं. तिला फक्त ऐकत राहायचं होतं, इतकं ते गोड होतं. डोकं आणखी खाली गेलं, गाल पत्र्याच्या कडेला लागला.

सगळ्यांच्या वर, अगदी जवळून, कुणीतरी श्वास घेतला. आणि सोडताना, फू.

तिचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावर गेला. तोंड मिटलेलं होतं.

अर्थिंगने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. एरवी त्याने असं कधी केलं नसतं. झाकण लावलं, सगळे स्क्रू आवळले, आवळलेले पुन्हा आवळले. हत्यारं पेटीत न लावताच पेटी उचलली.

"वहिनी," फाटकातून तो म्हणाला, "माहेर लांब आहे का तुमचं?"

६

संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. चिमीची परीक्षा त्या दिवशी संपली होती, त्यामुळे ती एकटीच बोलत होती.

"मी आता महिनाभर नुसती झोपणार. जेवायला उठवलंत तर चावेन."

"झोप की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या ताटात न मागता वाढलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरंच काळजीने पाहिलं. "किती उतरलीस गं तू. तुला आता जरा विश्रांती हवी. मी काय म्हणते, परवापासून सकाळची बॅच चिमीच घेईल. तिचं लायसन्स नुसतं पडलंय."

"मी? चालेल!" चिमी म्हणाली. "काय करायचं असतं? नुसतं बसायचं ना?"

"नुसतं बसायचं," सासरे म्हणाले.

सुनेने हातातला घास ताटात ठेवला. नवरा पाण्याच्या पेल्यात बघत होता, आत काही पडलं असावं तसा.

"महिना-दोन महिनेच," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

"तेवढंच," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही सगळेच बसलोय. कुणी मेलं का? जरा थकवा येतो. घर चालतंय त्याच्यावर. माणसानं घरासाठी एवढं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि भांडं पुढे सरकवलं.

सुनेला आपली गादी आठवली. उद्या नाही, परवा. परवा सकाळी कुणी उठवणार नाही. डोळे मिटायचे आणि खरंच खाली जायचं, तळाशी, जिथे ऊब आहे. तिच्या सगळ्या अंगाने हो म्हटलं. खांदे म्हणाले, मान म्हणाली, पापण्या तर केव्हापासून म्हणत होत्या. एक शब्दही बोलायला नको होता. या घरात ती कमीच बोलायची. नुसतं गप्प राहिलं तरी पुरणार होतं.

चिमीने जांभई दिली. रिकाम्या, सुखी माणसाची जांभई, सावकाश, आळस देत. मग हात धुवायलाही न उठता तिने डोकं टेबलावर टेकवलं आणि मिनिटभरात तिचा श्वास एका लयीत यायला लागला.

तिघंही तिच्याकडे बघत होते. सासरे, सासूबाई, आणि नवरासुद्धा. नजरेत दुष्टपणा नव्हता. पंपावर गाडी लावून माणूस फिरत्या आकड्यांकडे बघत उभा राहतो, तसं नुसतं बघणं. आणि मग तिला उमगलं, आपणही तसंच बघतोय. आपणही ऐकतोय, किती भरलंय ते.

ती उठली. खुर्चीचा आवाज झाला. तिघांनी वर पाहिलं. नव्या सुनेने जेवण टाकून मधेच उठण्याची ही पहिलीच वेळ होती. तिने चिमीच्या खांद्यावर हात ठेवला, तिला जाग येणार नाही इतका हलका.

"चिमी डावीकडे बसणार नाही," ती म्हणाली. "मीही बसणार नाही. गाडीत पेट्रोल भरा. आणि उद्या मला कुणी उठवू नका."